खानदेशचे विधिज्ञ हरि विनायक पाटसकर

(साक्री तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कान आणि पांझरा या नद्यांच्या काठी नांदणाऱ्या साक्री तालुक्याला 'वाटा' या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. येथील फड पद्धतीने तो पिढ्यान्‌पिढ्या शिकविला आहे. नदीवर बंधारा घालावा, त्याचे पाणी पाटाने खालच्या जमिनीवर न्यावे, त्या जमिनीचे फड पाडावेत, एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यावे आणि पाटकऱ्याने पाळी सांभाळून प्रत्येकाच्या शेतात पाणी पोहोचवावे, अशी ही व्यवस्था आहे. ज्याचा तुकडा लहान त्याची पाळी चुकवावी, असा नियम फडात नाही. क्षेत्र लहान असो वा मोठे, ज्याचे नाव फडात आहे त्याला पाणी आहे.

पाण्याच्या बाबतीत जो न्याय आपल्या पूर्वजांनी इतक्या सहजपणे मानला, तो घरातील मिळकतीच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ मानला गेला नाही. एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलाचे नाव जन्मतःच वडिलार्जित जमिनीशी जोडले जाई. मुलीचे नाव त्या फडातच नसे. या विषमतेवर कायद्याने पहिला मोठा घाव घातला तो १९५५ आणि १९५६ या दोन वर्षांत. ते कायदे लोकसभेत मांडून, त्यांवरील आक्षेपांना उत्तरे देऊन ते संमत करून घेण्याची जबाबदारी ज्यांनी पार पाडली, ते खानदेशातील एका तालुक्याच्या गावी वकिली केलेले गृहस्थ होते. त्यांचे नाव हरि विनायक पाटसकर. त्यांच्या जीवनकार्याचे स्मरण करणे आणि त्यातील अपुरे राहिलेले काम कोणते हे पाहणे, हा आजच्या विषयाचा हेतू आहे.

तालुक्याच्या न्यायालयातील शिक्षण

पाटसकरांचा जन्म १५ मे १८९२ रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी व्यवसायासाठी निवड केली ती तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील चोपडा या गावाची. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले होते. साक्री पश्चिम खानदेशात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तर चोपडा पूर्व खानदेशात, तापीच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी. दोन्ही तालुक्यांची जडणघडण मात्र बरीचशी सारखी. काळ्या जमिनीवर जगणारा शेतकरी, डोंगराच्या कुशीत राहणारा आदिवासी आणि या दोघांचेही भवितव्य ज्या कागदांत बांधलेले, ते तलाठ्याचे दप्तर.

अशा ठिकाणी वकिली करणाऱ्या माणसापुढे येणारे दावे हे प्रामुख्याने घरातले असतात. वाटणीचे दावे, दत्तकाचे वाद, बांधाची भांडणे आणि विधवेच्या अन्नवस्त्राची फिर्याद. त्या काळी हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मिळणारा हक्क हा मर्यादित स्वरूपाचा असे. हयातीपर्यंत तिने उपभोग घ्यावा. कायदेशीर गरजेवाचून तिने जमीन विकली, तर तिच्या पश्चात पतीचे दूरचे पुरुष नातेवाईक पुढे येऊन तो व्यवहार रद्द करून मागू शकत. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये झालेल्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाबरोबर हिस्सा मिळाला हे खरे. परंतु तोही मर्यादितच राहिला. मुलीला त्या कायद्याने काहीच मिळाले नाही. जमीन कसण्यात जिचे आयुष्य गेले, तिला त्याच जमिनीसाठी पोटगीचा अर्ज करावा लागे, हे दृश्य तालुक्याच्या न्यायालयात नवलाचे नव्हते.

राष्ट्रीय चळवळीचा तो काळ होता. १९३६ च्या डिसेंबर महिन्यात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन म्हणून इतिहासात नोंदले गेले आहे. खानदेशातील अनेक सुशिक्षितांप्रमाणे पाटसकरही काँग्रेसच्या कार्यात होते. पुढे भारताच्या संविधान सभेचे सदस्य म्हणून त्यांची निवड झाली आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जळगाव मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले.

कुटुंबाचा कायदा

हिंदू कायद्याच्या सुधारणेचा प्रश्न तोपर्यंत बराच तापलेला होता. सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली १९४१ मध्ये नेमलेल्या समितीने या विषयाचा पाया घातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंत्री या नात्याने हिंदू संहितेचे विधेयक पुढे नेले, त्यासाठी अपार परिश्रम घेतले. परंतु ते रखडले आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याच्या कारणांमध्ये या विधेयकाचे रखडणे हे एक प्रमुख कारण होते.

पहिल्या निवडणुकीनंतर एकच विशाल संहिता आणण्याऐवजी तिचे स्वतंत्र भाग करून ते एकामागून एक संमत करावेत, असा मार्ग पंडित नेहरूंच्या सरकारने स्वीकारला. तत्कालीन विधिमंत्री चारुचंद्र विश्वास हे राज्यसभेचे सदस्य होते. लोकसभेत हा भार उचलला तो विधि खात्याचे मंत्री असलेल्या पाटसकरांनी. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, तसेच अज्ञानत्व व पालकत्व आणि दत्तक व निर्वाह यांविषयीचे १९५६ चेच दोन कायदे, असा हा चार कायद्यांचा समूह होय. विरोधी बाकांवर निर्मलचंद्र चतर्जी यांच्यासारखे निष्णात कायदेपंडित होते आणि स्वपक्षातही मतभेद होते. वयाची साठी ओलांडलेल्या पाटसकरांना या दोन्ही आघाड्या सांभाळावयाच्या होत्या.

विवाहाच्या कायद्याने एकपत्नीत्व बंधनकारक केले आणि घटस्फोटाची तरतूद केली. महाराष्ट्रातील पुष्कळांना यात फारसे नवे वाटले नसावे. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच झाला होता. शिवाय शेतकरी व कष्टकरी समाजांत काडीमोड आणि पाट या रूढी फार जुन्या. नव्या कायद्याने या रूढींचा अनादर केला नाही. रूढीने मान्य केलेला घटस्फोट त्याने कायम ठेवला आणि विवाहविधी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे झाला तरी तो वैध मानला. सप्तपदी ज्यांच्यात आहे त्यांच्यासाठी सप्तपदी. इतरांवर ती लादलेली नाही. ज्याने खेड्यातल्या पक्षकारांची बाजू मांडली आहे, त्या वकिलाला या तरतुदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

खरा संघर्ष झाला तो उत्तराधिकाराच्या विधेयकावर. १७ जून १९५६ पासून अमलात आलेल्या या कायद्याने मृत पुरुषाच्या प्रथम वर्गातील वारसांमध्ये मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना एका ओळीत बसविले. स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीवरील तिचा मर्यादित हक्क संपुष्टात आणून तिला संपूर्ण मालक केले. जमिनीचे तुकडे पडतील, भावाबहिणीत वैर माजेल, जावयांचे राज्य येईल, असे आक्षेप तेव्हा घेण्यात आले. पाच मुलांमध्ये जमीन वाटली तर ती वाटणी, आणि सहावा वाटा मुलीचा पडला तर तेवढे तुकडे, या तर्कातील विसंगती आज सहज ध्यानात येते. तेव्हा मात्र ती ध्यानात आणून देणे हे मोठ्या धीराचे काम होते.

नऊ एकरांचा हिशेब

तथापि हा कायदा परिपूर्ण होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मिताक्षरा पद्धतीचे एकत्र कुटुंब त्याने तसेच ठेवले. त्याचा परिणाम काय झाला हे एका सोप्या उदाहरणाने पाहता येईल.

समजा, एका शेतकऱ्याकडे वडिलार्जित नऊ एकर जमीन आहे. पत्नी हयात नाही. दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. १९५६ च्या मूळ कायद्याप्रमाणे त्याच्या मृत्यूच्या वेळी प्रथम बाप आणि दोन मुलगे यांच्यात वाटणी झाली असे मानावयाचे. प्रत्येकाला तीन एकर. नंतर बापाचे जे तीन एकर, तेवढेच तिघा भावंडांत समान वाटावयाचे. म्हणजे प्रत्येक मुलाला चार एकर आणि मुलीला एक एकर. राहत्या घराची वाटणी तर भावांनी ठरविल्याखेरीज तिला मागताच येत नसे. अविवाहित, विधवा अथवा परित्यक्ता असेल, तर त्या घरात राहण्याचा हक्क तेवढा तिला होता.

चारास एक हा हिशेब न्याय्य नव्हता. परंतु शून्यापासून एकापर्यंतचे अंतर हे सर्वांत अवघड अंतर असते. ते पाटसकरांच्या काळात कापले गेले. पुढचे अंतर कापण्यास आणखी अर्धे शतक लागले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला एकत्र कुटुंबात जन्मतःच हक्क दिला. मात्र त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय कायद्यातच दुरुस्ती होऊन मुलगी मुलाप्रमाणे सहदायाद झाली, विवाहित-अविवाहित हा भेद उरला नाही आणि राहत्या घराविषयीचे बंधनही गेले. वडील त्या तारखेस हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने स्पष्ट केले. आता त्याच नऊ एकरांत तिघा भावंडांना प्रत्येकी तीन एकर येतात.

गाव हा घटक

कुटुंबाच्या कायद्यानंतर पाटसकरांचे नाव ज्या कामाशी जोडले गेले, ते काम वरवर पाहता अगदी निराळे आहे. आंध्र प्रदेश आणि मद्रास या राज्यांमधील सीमावाद मिटविण्यासाठी मध्यस्थ म्हणून त्यांची योजना झाली. जिल्हा अथवा तालुका हा घटक धरला, तर बहुसंख्याकांच्या भाषेखाली शेकडो गावांची भाषा दडपली जाते. म्हणून खेडे हा घटक धरावा, त्या खेड्यातील लोकांची भाषा पाहावी आणि भौगोलिक सलगता राखावी, ही तत्त्वे या निवाड्याच्या मुळाशी होती. दोन्ही राज्यांनी तो मानला. संसदेने १९५९ मध्ये त्यानुसार कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सीमा अमलात आली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात महाराष्ट्राने सातत्याने ज्या 'पाटसकर सूत्रा'चा आग्रह धरला, ते हेच. बेळगाव, कारवार, निपाणी भागातील मराठी भाषकांच्या तोंडी या खानदेशी वकिलाचे नाव त्यामुळे कायमचे राहिले.

थोडा विचार केला तर ही दोन कामे निराळी नाहीत असे दिसते. घराच्या हिशेबात मुलगी मोजली जात नव्हती. राज्याच्या हिशेबात खेडे मोजले जात नव्हते. दोन्ही ठिकाणी मोठ्या घटकाच्या नावाखाली लहान घटक पुसला जात होता. न्याय करावयाचा तर हिशेबाची सुरुवात लहानात लहान घटकापासून केली पाहिजे, हे सूत्र या दोन्ही कामांतून प्रकट होते.

उत्तरायुष्य

१९५७ च्या जूनमध्ये पाटसकर मध्य प्रदेशाचे राज्यपाल झाले आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले. १९६३ मध्ये पद्मविभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. १९६५ मध्ये आसामच्या पहाडी भागाच्या प्रशासनाचा विचार करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या आयोगाच्या शिफारशी पहाडी नेत्यांनी स्वीकारल्या नाहीत आणि पुढे १९७२ मध्ये मेघालय हे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले. प्रत्येक वादात मध्यस्थाला यश येतेच असे नाही. आणि ज्यांचा प्रश्न त्यांची संमती नसेल, तर उत्तम हेतूने केलेली योजनाही टिकत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

१९६७ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या काळी जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्याच कक्षेत होती. खानदेशाला आपले स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९९० मध्ये. अशा रीतीने चोपड्याच्या वकिलाचा खानदेशाशी असलेला संबंध अखेरच्या पर्वातही एका निराळ्या नात्याने जुळून आला. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

साक्रीपुढील कार्य

आता साक्री तालुक्याकडे वळणे उचित ठरेल. कायदा दिल्लीत होतो. त्याची अंमलबजावणी सातबारा उताऱ्यावर होते. खातेदार मृत झाल्यानंतर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची, वारसांची नोंद नोंदवहीत व्हावयाची, फेरफार लिहिला जावयाचा, संबंधितांना नोटीस जाऊन हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावयाचे आणि मग तो प्रमाणित व्हावयाचा, ही पद्धत सर्वांना परिचित आहे. या साखळीत मुलीचे नाव गळण्याची जागा पहिलीच आहे. वर्दी देताना 'वारस कोण' या प्रश्नाला केवळ मुलांची नावे सांगितली जातात. बहीण सासरी असते. तिला वर्दीची वार्ता नसते, आणि नोटिशीवर पाहावयाचा पत्ता माहेरचाच असतो.

दुसरी जागा हक्कसोड पत्राची. बहिणीने स्वखुशीने आपला हिस्सा भावाला सोडणे यात बेकायदेशीर काही नाही आणि त्यात प्रेमही असू शकते. परंतु पुष्कळदा बहिणीपुढे निवड ठेवली जाते ती जमीन आणि माहेर यांमधील. सही केली तर दिवाळीची साडीचोळी, सणावाराचे बोलावणे, बाळंतपणाला हक्काचा उंबरठा. न केली तर दार बंद. जिला आपला हिस्सा किती, त्याची किंमत किती हेच ठाऊक नाही, तिच्या सहीला स्वखुशी म्हणता येईल काय, याचा विचार प्रत्येकाने करावयास हवा. महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजनेद्वारे पतीच्या जमिनीवर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा मार्ग मोकळा केला, तोही याच भावनेतून. योजनेचा कागद असतो. तो मागणारा माणूस पुढे आला पाहिजे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. साक्री तालुक्याचा पश्चिम भाग, जेथे भिल्ल, कोकणा आदी बांधवांची वस्ती आहे, तो अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पाटसकरांनी संमत करून घेतलेले विवाहाचे व उत्तराधिकाराचे कायदे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच लागू होतील, असे त्या कायद्यांच्या दुसऱ्याच कलमात म्हटले आहे. आदिवासींच्या रूढी त्यांच्याच हाती राहाव्यात ही त्यामागील भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, एकाच तालुक्यात एका गावच्या मुलीला बापाच्या जमिनीत भावाइतका हिस्सा आणि डोंगरापलीकडच्या गावच्या मुलीला रूढी देईल तेवढेच.

या प्रश्नाकडे सर्वोच्च न्यायालयाचेही लक्ष गेले आहे. २०२२ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला या कलमाचा फेरविचार करण्याची सूचना केली. १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून वारसा नाकारणे हे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा निर्णय दिला. ज्या प्रदेशातून हे प्रकरण आले, तो पाटसकर राज्यपाल असताना मध्य प्रदेशाचाच भाग होता. त्यांनी हाती घेतलेला प्रश्न त्यांच्या पश्चात अर्ध्या शतकाहून अधिक काळाने पुढे सरकत आहे. आदिवासी समाजाने आपली रूढी कशी वळवावी, हे बाहेरच्यांनी सांगण्याचे नाही. मेघालयाचा अनुभव तेच शिकवितो. परंतु पेसा कायद्याने ग्रामसभेला जे स्थान दिले आहे, त्या ग्रामसभेत स्त्रियांनी हा प्रश्न मांडला, तर तो ऐकला जाईल एवढे पाहणे पंचायत सदस्यांच्या हाती आहे.

कार्य काय करावयाचे, हे यावरून स्पष्ट होते. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या अपूर्णांकाच्या तासाला नऊ एकरांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. मुलामुलींना गणितही येईल आणि कायदाही कळेल. तलाठ्यांनी वारसाची वर्दी घेताना 'मुली किती, त्यांचे पत्ते काय' हा प्रश्न विचारल्यावाचून लेखणी उचलू नये. सरपंच व सदस्यांनी घराच्या नोंदीत पत्नीचे नाव पतीच्या नावाबरोबर लावण्याचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. यापैकी कशासाठीही नव्या अनुदानाची अथवा शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

पाटसकरांच्या नावाचा पुतळा किंवा मार्ग ठिकठिकाणी नसेल. परंतु ज्या ज्या सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली बहिणीचे नाव लिहिलेले आहे, तेथे त्यांचे स्मारक आहे. फडात ज्याचे नाव आहे त्याची पाळी चुकत नाही, हे साक्रीच्या पाटकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. आता मुलीचेही नाव फडात आले आहे. तिची पाळी चुकू नये, एवढीच जबाबदारी आपणा सर्वांवर उरते.